कोलकाता: पुस्तक मेळा, कॉलेज स्ट्रीट आणि आसपास. काय बघावं, कधी जावं?

पुस्तकातली_कसर | १ डिसेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटी कोलकात्याला जायचं एकदाचं ठरलंय. निमित्त पुस्तक मेळ्याचं. सोबत बाबा आहेत, सत्तरी ओलांडलेले, शरदबाबूंचे (बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय) कट्टर भक्त. मामा वरेरकरांनी केलेली भाषांतरं त्यांनी वाचून वाचून खिळखिळी केली आहेत. मला बंगाली बोललेलं थोडंफार कळतं, वाचता मात्र येत नाही.

नेटवर शोधलं की सगळीकडे तीच यादी सापडते: व्हिक्टोरिया, हावडा ब्रिज, मिष्टी दोई आणि शेवटी एक ओळ, ‘पुस्तकप्रेमींनी कॉलेज स्ट्रीट चुकवू नये’. चुकवायचा नाही हे कळलं, पण तिथे जाऊन करायचं काय? बंगाली न वाचणाऱ्या माणसाला त्या रस्त्यावर खरंच काही मिळतं, की फोटो काढून परत यायचं?

लेखकांची घरं, जुनी ग्रंथालयं, छापखाने, काहीही चालेल. बाबांना फार चालवत नाही, हे लक्षात ठेवून सांगा. हॉटेलं आणि खादाडीवर दुसरे धागे आहेत, तेव्हा इथे पुस्तकांपुरतंच बोलू.

---

अर्धा_चहा | १ डिसेंबर, रात्री १०:४०

बसले कान टवकारून. पुढच्या वर्षी आम्हालाही जायचंय.

---

हुगळीकाठी | १ डिसेंबर, रात्री ११:५५

नोकरीमुळे बरीच वर्षं इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मेळा. स्थानिक लोक त्याला ‘बोईमेला’ म्हणतात. १९७६ साली सुरू झाला, प्रकाशक आणि पुस्तकविक्रेत्यांची गिल्ड तो भरवते. पूर्वी मैदानावर भरायचा. १९९७ च्या आगीत बरेच स्टॉल खाक झाले ते तिथेच. पुढे पर्यावरणाच्या कारणावरून मैदान सुटलं, काही वर्षं मिलन मेला ग्राउंड झालं आणि २०१८ पासून सॉल्ट लेकच्या सेंट्रल पार्कात भरतो. त्या जागेचं नावही आता बोईमेला प्रांगण आहे. प्रवेश फुकट, वेळ साधारण दुपारी १२ ते रात्री ८. जाणं-येणं तर आता अगदीच सोपं. हावडा स्टेशनातून मेट्रो धरायची, ती हुगळीखालून जाते आणि गाडी न बदलता करुणामयीला सोडते. समोरच मेळा.

वेळ कोणती निवडायची ते महत्त्वाचं. कामाच्या दिवशी, दार उघडायच्या सुमारास जा. पहिले दोन-अडीच तास स्टॉलवरची माणसं तुमच्याशी बोलतात, नंतर ती फक्त बिलं फाडतात. शनिवार-रविवार वडिलांना घेऊन अजिबात जाऊ नका. आणि कॅलेंडर नीट बघा. २३ जानेवारीला नेताजी जयंतीची इथे सुट्टी असते, २६ ला सगळीकडेच. सरस्वती पूजाही कधी जानेवारीत तर कधी फेब्रुवारीत, म्हणजे मेळ्याच्या आगेमागेच येते. त्या दिवशी इथली मुलं पुस्तकं देवीपुढे ठेवतात, पुस्तकाला हात लावायचा नाही असा संकेत आहे. आणि संध्याकाळी तीच मुलं पिवळ्या साड्या-झब्ब्यांत मेळ्यात! दृश्य बघण्यासारखं असतं, पण पुस्तकं बघायची असतील तर तो दिवस सोडा.

मोठ्या प्रकाशकांच्या दालनांबाहेर रांगा लागतात. त्यांची पुस्तकं कॉलेज स्ट्रीटला वर्षभर मिळतात, तेव्हा रांगेत उभं राहायचं काही कारण नाही. मेळ्यात वेळ द्यायचा तो लिटिल मॅगझिनच्या, म्हणजे स्वखर्चाने चालणाऱ्या छोट्या नियतकालिकांच्या मंडपाला. दरवर्षी एक पाहुणा देश असतो (२०२४ ला ब्रिटन, २०२५ ला जर्मनी), त्यांच्या दालनात इंग्रजीतले कार्यक्रम होतात, तिथे बसायलाही मिळतं. वडिलांसाठी हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण बाकी मेळ्यात टेकायला जागा मिळणं कठीण.

कॉलेज स्ट्रीटवर उद्या लिहितो, आत्ता झोप आवरत नाहीये.

---

खडूस_वाचक | २ डिसेंबर, सकाळी ८:०५

जाऊन आलोय. धूळ, लाउडस्पीकर, आणि पुस्तकांपेक्षा फिश फ्रायच्या स्टॉलवर जास्त गर्दी. ‘जगात सर्वाधिक गर्दीचा पुस्तक मेळा’ म्हणून कौतुक करतात, पण गर्दी हा गुण कधीपासून झाला? सवलत सरसकट १० टक्के. कॉलेज स्ट्रीटला त्यापेक्षा जास्त सुटते. बंगाली येत नसेल तर मेळ्याकरता म्हणून मुद्दाम जाण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत.

---

साधीसुधी | २ डिसेंबर, सकाळी ९:३०

@खडूस_वाचक, आयडीला जागलात :)

पण गर्दीबद्दल जरा वेगळं मत आहे. मुंबई-पुण्याच्या पुस्तक प्रदर्शनांत दिसतो तो वाचणारा वर्ग साधारण ठरलेला असतो. बोईमेल्यात मी दूरच्या गावांहून लोकलने आलेली कुटुंबं बघितली. आई, वडील, आजी, दोन पोरं, डबा बरोबर. प्रत्येक पोराला ठरलेल्या रकमेत पुस्तकं निवडायची मुभा. एक मुलगी हातातली दोन पुस्तकं एकमेकांशी तोलत किती वेळ उभी होती, आणि बाप शांतपणे वाट बघत होता, घाई नाही की ओरडा नाही. फिश फ्राय ते खाणारच हो, सकाळी घर सोडलेलं असतं.

---

खडूस_वाचक | २ डिसेंबर, सकाळी ९:४८

फिश फ्रायला विरोध नाही. खाऊन झाल्यावर तेच हात पुस्तकाला लावतात, त्याला आहे.

---

हुगळीकाठी | २ डिसेंबर, रात्री ९:२०

हं, कॉलेज स्ट्रीट.

आपल्याकडच्या लोकांना पटकन कळावं म्हणून सांगतो, पुण्यातला पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक घ्या आणि तो ओढून पार लांबवर ताणा, मधे युनिव्हर्सिटी, मेडिकल कॉलेज आणि प्रेसिडेन्सी बसवा. तुलना इथेच संपली, कारण स्वभाव वेगळा आहे. हिंदू कॉलेज १८१७ चं (त्याचंच पुढे प्रेसिडेन्सी झालं), संस्कृत कॉलेज १८२४ चं, मेडिकल कॉलेज १८३५ चं, युनिव्हर्सिटी १८५७ ची. या सगळ्यांचे विद्यार्थी दीडशे-दोनशे वर्षं याच रस्त्यावर पुस्तकं घेतायत आणि विकतायत, त्यातून हा बोईपाडा (पुस्तकांची वस्ती) उभा राहिलाय. दासगुप्ता आणि कंपनी १८८६ पासून आहे.

पाहुण्यांची गोची होते ती अशी, की ते रस्त्याकडेच्या टपऱ्या बघत चालत राहतात. टपऱ्यांवर दिसतात ती नव्वद टक्के गाइडं, इंजिनिअरिंग आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. ती बघून लोक म्हणतात, ‘एवढंच?’ अहो, इथला खरा माल मांडलेला नसतोच. तो मागावा लागतो.

म्हणून माझा एकच सल्ला. नुसतं बघायला जाऊ नका, एखादं पुस्तक शोधायला जा. कुठलंही, पण नाव-लेखक पक्कं हवं आणि सहज न मिळणारं हवं. इंग्रजीतलंही चालेल. टपरीवाल्याला नाव सांगा. तो आधी ‘नाही’ म्हणेल. तुम्ही हलायचं नाही. मग तो विचारतो, कुठली आवृत्ती? कशाला हवंय? कुठून आलात? तेवढ्यात शेजारचा टपरीवाला संभाषणात शिरतो. एक पोरगा चिठ्ठीवर नाव लिहून गल्लीत पळतो. तुम्हाला लाकडी स्टूल मिळतं. पोरगा कधी तेच पुस्तक आणतो, कधी त्याच लेखकाचं दुसरं, कधी हात हलवत परत येतो. पण तोवर तुम्ही गिऱ्हाईक न राहता पाहुणे झालेले असता, आणि टपरीच्या तळाशी फडक्याखाली ठेवलेलं काहीतरी बाहेर यायला लागतं. जुन्या पुस्तकावर आतल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा असतो, घासाघीस त्यावरून सुरू करायची. नव्या पुस्तकावर सवलत विचारायला लाजू नका, इथे सगळेच विचारतात.

बंगाली प्रकाशकांची दुकानं मुख्य रस्त्यावर कमी, श्यामाचरण दे स्ट्रीट आणि बंकिम चॅटर्जी स्ट्रीटवर जास्त. तिथे काउंटरबाहेर उभं राहून पुस्तकाचं नाव सांगायचं, आतला माणूस मान वर करून माळ्यावर ओरडतो आणि वरून पुस्तक येतं.

रविवारी बहुतेक दुकानं बंद. मेट्रो स्टेशन महात्मा गांधी रोड.

कॉफी हाऊसला जायचंच, पण अपेक्षा जरा आवरून. इमारत अल्बर्ट हॉलची, कॉफी हाऊस १९४२ पासून, १९५८ पासून कामगारांची सहकारी संस्था चालवते. पगडीवाले वेटर, कमालीचा गोंगाट. दुधाशिवायची कॉफी हवी तर ‘इन्फ्युजन’ म्हणायचं. कॉफी बेताचीच. सकाळी लवकर गेलात तर वरच्या सज्जात जागा मिळते आणि खालचा अख्खा हॉल दिसतो. वडिलांना एक जिना चढावा लागेल, सज्जासाठी अजून एक. तो त्रास नको असेल तर कॉलेज स्क्वेअरजवळ पॅरामाउंटमध्ये डाबचं (शहाळ्याचं) सरबत प्या, दुकान १९१८ चं, आणि ती कृती आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी सुचवली असं तिथले सांगतात. (हो, पुस्तकांपुरतंच बोलायचं होतं. माफी.)

---

अर्धा_चहा | २ डिसेंबर, रात्री ९:५१

‘तुम्ही हलायचं नाही’ :)) वाचनखूण साठवली.

---

मोडीवेडा | ३ डिसेंबर, दुपारी १:१५

धागा बघून राहवलं नाही. मराठी माणसाने कोलकात्याला जाऊन श्रीरामपूरला न जाणं हा गुन्हा मानावा, असा ठराव मी मांडतो.

हावड्याहून लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर. डॅनिश लोकांची वसाहत होती (१८४५ पर्यंत), त्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीला नको असलेल्या मिशनऱ्यांना तिथे आसरा मिळाला. विल्यम कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८०० मध्ये तिथे छापखाना काढला. कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृतबरोबर मराठीही शिकवायचा, म्हणून त्याला मराठी पुस्तकं हवी होती. मदतीला नागपूरकडचे पंडित वैजनाथ शर्मा. १८०५ मध्ये कॅरीचं मराठी व्याकरण निघालं. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश, आणि त्यातले मराठी शब्द मोडी लिपीत! पुढे १८१४ मध्ये ‘सिंहासन बत्तिशी’, १८१५ मध्ये ‘पंचतंत्र’ आणि ‘हितोपदेश’. मुंबईत मराठी पुस्तकं छापायला लागायची होती त्या काळात हुगळीच्या काठावर बंगाली कारागीर मोडीचे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) पाडत होते. पंचानन कर्मकार आणि त्यांचा जावई मनोहर यांची नावं छपाईच्या इतिहासात यायला हवीत तेवढी येत नाहीत, त्याचा मला राग आहे.

१८१२ च्या मार्चमध्ये छापखान्याला मोठी आग लागली. हस्तलिखितं, कागद, खिळे, बरंच काही गेलं. वितळलेल्या शिशातून पुन्हा खिळे ओतून त्यांनी काम चालू केलं. वर दिलेली १८१४-१५ ची मराठी पुस्तकं या आगीनंतरची आहेत, एवढं लक्षात घ्या.

तिथे काय बघायचं: श्रीरामपूर कॉलेज (१८१८), त्याच्या आवारातलं कॅरी ग्रंथालय आणि संग्रहालय, कॅरीची कबर, आणि डागडुजी केलेलं सेंट ओलाव्ह चर्च. कॉलेजचं आवार असल्याने सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, आणि जुनी पुस्तकं प्रत्यक्ष बघायची असतील तर आधी मेल करून परवानगी मागा. दारात जाऊन ‘मी महाराष्ट्रातून आलोय’ एवढ्यावर कपाटं उघडत नाहीत. नदीकाठी जुन्या डेन्मार्क टॅव्हर्नची इमारत आहे, २०१८ मध्ये दुरुस्त करून तिथे कॅफे केलाय. बाबांना बसायला उत्तम.

---

खडूस_वाचक | ३ डिसेंबर, दुपारी १:४०

म्हणजे पहिलं मराठी छापील पुस्तक श्रीरामपूरचं? तंजावरच्या सरफोजीराजांना विसरलात. इसापनीतीवरून केलेली ‘बालबोध मुक्तावली’ तिथे १८०६ च्या सुमाराला छापली गेली. कॅरीचं १८०५ चं व्याकरण हे मराठीबद्दलचं इंग्रजी पुस्तक आहे, मराठी पुस्तक नव्हे.

---

मोडीवेडा | ३ डिसेंबर, दुपारी २:०३

‘पहिलं’ हा शब्द मी कुठेही वापरलेला नाही, वर पुन्हा वाचा. तरी तुम्ही विषय काढलाच आहे तर श्रीरामपूरहून १८०५ मध्येच मत्तयचं शुभवर्तमान मराठीत निघालं होतं. आता बोला.

---

खडूस_वाचक | ३ डिसेंबर, दुपारी २:११

धर्मप्रसाराची पुस्तिका आणि राजाने शाळेतल्या मुलांसाठी छापलेलं पुस्तक यांत मी फरक करतो. पण श्रीरामपूरला जावं, याबद्दल दुमत नाही.

---

साधीसुधी | ३ डिसेंबर, दुपारी २:३०

दोघांचं एकमत! स्क्रीनशॉट काढून ठेवते.

मी आपली घरांबद्दल लिहिते. कसर, तुझ्या बाबांसाठी देउलटी. हावड्याहून दक्षिण-पूर्व रेल्वेची लोकल, सव्वा-दीड तास. स्टेशनवरून टोटो मिळते (म्हणजे ई-रिक्षा), ती थेट सामताबेडला शरच्चंद्रांच्या घरापाशी सोडते. चालणं जवळजवळ नाहीच. दुमजली, लाल कौलारू, बर्मी वळणाचं घर आहे, रंगूनची नोकरी आठवत असेलच बाबांना. व्हरांडा, लिहायचं टेबल, खाली झाडं. रूपनारायण नदी पूर्वी घराजवळून वाहायची, आता पात्र लांब सरकलंय. घराची देखभाल करणारे कुणी ना कुणी असतात आणि ते खूप बोलतात. शरदबाबूंचं ‘श्रीकांत’ आम्ही मराठीत वाचलंय म्हटल्यावर त्यांना आधी खरं वाटेना, मग वरच्या खोल्यांत नेऊन सगळं तपशिलात दाखवलं. शहरात अश्विनी दत्त रोडलाही शरदबाबूंचं घर आहे, पण एकच करायचं असेल तर देउलटी.

जोडासांको सगळे सांगतीलच. टागोर तिथेच जन्मले (१८६१) आणि तिथेच गेले (७ ऑगस्ट १९४१). आता रवींद्र भारती विद्यापीठाचं संग्रहालय आहे. सोमवारी बंद. चपला बाहेर काढाव्या लागतात, आत फोटो काढू देत नाहीत. जिने आणि लांबलचक व्हरांडे आहेत, बाबांना दमवतील, सकाळीच जा. गिरीश पार्क मेट्रो. पंचविशे बैशाखला, म्हणजे टागोरांच्या जन्मदिवशी, मेच्या ८-९ तारखेला, पहाटेपासून अंगणात गाणी असतात. तो अनुभव जानेवारीत मिळणार नाही, पण जानेवारीत गर्दी तरी नसते.

---

टागोरांची_गल्ली | ३ डिसेंबर, रात्री ८:४४

एक सावधगिरीची सूचना. ‘साहित्यिक कोलकाता वॉक’ नावाने एका आयोजकाकडे पैसे भरले होते. प्रत्यक्षात एका मुलाने आम्हाला कॉफी हाऊस दाखवलं, कुल्हडमधला चहा पाजला आणि ट्राममध्ये बसवलं. एका पुस्तकाचं नाव त्याच्या तोंडून निघालं नाही. विचारलं तर म्हणे, लोकांना फोटो हवे असतात. चांगले, अभ्यासू वॉक करणारेही आहेत, पण पैसे भरण्याआधी मार्गात कुठल्या जागा आहेत आणि बोलणारा कोण आहे, हे लेखी विचारून घ्या.

---

पुस्तकातली_कसर | ३ डिसेंबर, रात्री १०:३०

बाप रे, एवढं सगळं! देउलटीचं बाबांना वाचून दाखवलं. ‘आधी तिथे, मग तुझा मेळा’ असं फर्मान निघालंय.

@मोडीवेडा, मोडी कोशाबद्दल काहीच माहीत नव्हतं. मेल आजच पाठवते.

अजून दोन शंका. लिटिल मॅगझिनचा मंडप भाषा न येणाऱ्याने का बघायचा? आणि नॅशनल लायब्ररीत बाहेरच्या माणसाला शिरू देतात का?

---

हुगळीकाठी | ३ डिसेंबर, रात्री ११:२५

नॅशनल लायब्ररी: अलीपूरला, बेल्व्हेडिअरच्या आवारात. १८३६ च्या कलकत्ता पब्लिक लायब्ररीपासून हिचा वंश सुरू होतो, १९०३ मध्ये इम्पीरियल लायब्ररी झाली, १९४८ मध्ये नॅशनल, आणि १९५३ पासून बेल्व्हेडिअरमध्ये. पुस्तकं आता भाषा भवन नावाच्या नव्या इमारतीत आहेत. १९५४ च्या कायद्याने देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत इथे यायला हवी, मराठीचा वेगळा विभागही आहे. फोटो ओळखपत्र बरोबर ठेवा आणि स्वागतकक्षात विचारा. मागणीची चिठ्ठी भरून पुस्तक यायला वेळ लागतो, तेव्हा पाहुण्याने उगाच सकाळ घालवू नये, काही ठरावीक बघायचं असेल तरच. आवार मात्र सुंदर आहे.

लिटिल मॅगझिन: इथे कुठल्याही जिल्ह्याच्या गावातला शिक्षक पगारातून चार पैसे काढून नियतकालिक चालवतो आणि ते पाठीवर लादून मेळ्यात आणतो. टेबलामागे बसलेला माणूसच संपादक, तोच मुद्रितशोधक, तोच हमाल. एखादा अख्खा अंक एका नदीवर, एखादा फक्त गावच्या हाटावर. भाषा येत नसली तरी मुखपृष्ठं, लाकडी ठशांची चित्रं आणि ती माणसं बघायची असतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना मराठीतल्या साठच्या दशकातल्या लघुनियतकालिकांबद्दल ऐकून माहीत आहे. त्या चळवळीतले अशोक शहाणे बंगाली उत्तम जाणणारे, त्यांनी बंगालीतून मराठीत आणलेलं बरंच आहे, तो धागा काढलात तर गप्पा थांबणार नाहीत.

मेळा सोडून वर्षभर बघायचं तर टेमर लेनमधलं लिटिल मॅगझिन लायब्ररी आणि संशोधन केंद्र. संदीप दत्त यांनी १९७८ मध्ये राहत्या घरात सुरू केलं. नॅशनल लायब्ररीत लिटिल मॅगझिनं टाकून दिलेली बघून ते चिडले, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. २०२३ मध्ये ते गेले. कॉलेज स्ट्रीटपासून अगदी जवळ आहे. आणि कॉलेज स्ट्रीटच्या चौकातच पातिरामचा स्टॉल, ताजे अंक तिथे टांगलेले असतात.

जानेवारीत साहित्य महोत्सवही एकामागोमाग एक असतात. बांगला अकादमीचा लिटिल मॅगझिन मेळा रवींद्र सदन-नंदनच्या आवारात, साधारण महिन्याच्या पहिल्या अर्ध्यात. कोलकाता लिटररी मीट २०१२ पासून, बरीच वर्षं व्हिक्टोरियाच्या हिरवळीवर होत होती. अपीजे लिटररी फेस्टिव्हल २०१० पासून, पार्क स्ट्रीटच्या ऑक्सफर्ड बुकस्टोअरशी जोडलेला. या दोन्हींत इंग्रजी कार्यक्रम भरपूर. तारखा दरवर्षी हलतात, डिसेंबरअखेर जाहीर होतात.

---

मोडीवेडा | ४ डिसेंबर, सकाळी ७:५०

शहाण्यांवरून आठवलं. आपली दिवाळी अंकांची प्रथा ‘मनोरंजन’च्या १९०९ च्या अंकापासून धरतात. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र. मूळचे आजगावकर, बंगालीच्या प्रेमापोटी ‘मित्र’ हे आडनाव घेतलेले. आणि उलट दिशेला सखाराम गणेश देऊस्कर, मराठी घराण्यातले, देवघरला वाढलेले, ‘देशेर कथा’ (१९०४) लिहून बंगालीत गाजले. सरकारने पुढे ते पुस्तक जप्त केलं. त्यांच्यामुळेच बंगालात शिवाजी उत्सव रुजला आणि रवींद्रनाथांनी त्यावर कविता लिहिली. कॉलेज स्ट्रीटला शोधायला पुस्तक हवंय ना? देऊस्करांची जुनी आवृत्ती मागा. टपरीवाल्याची भुवई वर जाते की नाही बघा.

---

खडूस_वाचक | ४ डिसेंबर, सकाळी ८:१५

आणि ‘महाराष्ट्रातून आलो’ म्हटल्यावर तो हसत ‘बर्गी!’ (बंगालवर स्वाऱ्या करणारे मराठा घोडेस्वार) म्हणेल, त्याचीही तयारी ठेवा. अंगाई गीतात आपण आहोत तिथे, पोरांना झोपवायला भीती दाखवतात ते आपण. १७४२ मध्ये मराठ्यांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, तो बुजवून पुढे सर्क्युलर रोड झाला. बागबाजारला मराठा डिच लेन अजून आहे.

त्याच सर्क्युलर रोडवर, मल्लिकबाजारच्या ख्रिस्ती दफनभूमीत बंगाली कवी मायकेल मधुसूदन दत्त यांची कबर आहे (मृत्यू १८७३). वाटसरूला क्षणभर थांब म्हणणाऱ्या ओळी त्यांनी स्वतःच लिहून ठेवल्या होत्या, त्या तिथे कोरल्यात. पार्क स्ट्रीटची जुनी दफनभूमी वेगळी, १७६७ ची. तिथे एशियाटिक सोसायटी काढणारे विल्यम जोन्स आणि तरुणपणीच गेलेला कवी डेरोझिओ. लोक दोन्हींत गल्लत करतात आणि एकीकडे जाऊन दुसऱ्याची कबर शोधत बसतात. या दोन्ही जागांवर गर्दी नाही, लाउडस्पीकर नाही.

---

साधीसुधी | ४ डिसेंबर, सकाळी ८:४०

आणि फिश फ्रायही नाही.

---

टागोरांची_गल्ली | ४ डिसेंबर, दुपारी १२:२०

पुस्तकं परत कशी आणायची याचा विचार करून जा. विमानाने जाणार असाल तर सामानाच्या वजनात सगळी मजा जाते. पोस्टाची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा मे २०२५ पासून सुरू आहे, पुस्तकांसाठीच, ५ किलोपर्यंतचं पार्सल साधारण शंभर रुपये अधिक कर. जमिनीमार्गे जातं, म्हणजे वेळ लागतो. दुकानदारांकडून घट्ट बांधून घ्या. सुतळी आणि कागदाचं त्यांचं बांधकाम असं असतं की घरी कात्रीच लागते.

---

पुस्तकातली_कसर | ४ डिसेंबर, रात्री ९:०५

आम्ही आझाद हिंदने जातोय, परतीलाही ट्रेनच, त्यामुळे बाबांच्या बर्थखाली मावेल तेवढं आणायला हरकत नाही.

कच्चा बेत असा: रविवारी देउलटी (दुकानं बंद, म्हणून). सोमवारी सकाळी जोडासांको, दुपारी कॉलेज स्ट्रीट. मंगळवारी मेळा, १२ च्या ठोक्याला. बुधवारी श्रीरामपूर, परवानगी आली तर. गुरुवार मोकळा, मधुसूदन आणि उरलेलं. कसं वाटतं?

---

साधीसुधी | ४ डिसेंबर, रात्री ९:१२

जोडासांको सोमवारी बंद! वर लिहिलंय की.

---

हुगळीकाठी | ४ डिसेंबर, रात्री ९:४०

जोडासांको गुरुवारी सकाळी ढकला, म्हणजे सोमवारचा पूर्ण दिवस कॉलेज स्ट्रीटला मिळेल. तो तसाही लागतोच. दुकानं अकराशिवाय नीट उघडत नाहीत, तोवर कॉफी हाऊसला बसा. तुमचा सोमवार २६ तारखेला येत नाही ना, तेवढं बघा. येत असेल तर सोमवारी दफनभूमी आणि कॉलेज स्ट्रीट बुधवारी, श्रीरामपूर गुरुवारी.

पुस्तकाचं नाव ठरलं का?

---

पुस्तकातली_कसर | ४ डिसेंबर, रात्री १०:०२

देऊस्करच. बाबा म्हणतायत, बंगाली वाचता येत नाही तर घेऊन करणार काय? मोडीवेडा, तुम्ही घ्याल का मिळालं तर?

---

मोडीवेडा | ४ डिसेंबर, रात्री १०:०४

घ्याल का म्हणजे! पोस्टाने नको, बर्थखालून आणा. स्टेशनवर घ्यायला येतो.